टोरोंटोत आल्यावर पहिली खुर्ची

नवीन आलेली मराठी मुलं भेटली की बँक, सिमकार्ड, भाड्याची खोली आणि थंडीचे बूट यांचीच चौकशी करतात. ते सगळं सांगणारे इथे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते तुमच्यातल्या त्या थोड्यांसाठी, जे पारलिंगी (ट्रान्स) आहेत, नॉन-बायनरी म्हणजे स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारे आहेत, किंवा ज्यांनी अजून स्वतःला कुठलाच शब्द लावलेला नाही, पण आरशासमोर उभं राहिलं की हे आपण नव्हे एवढं ज्यांना नक्की कळतं. तुम्हाला माझा पहिला प्रश्न असतो, केस कुणाकडे कापणार आहात?

प्रश्न किरकोळ नाही. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत कायद्याने नाव बदलायचं तर अर्ज करण्याआधी इथे किमान १२ महिने राहिलेलं असावं लागतं. डॉक्टर मिळणं, हार्मोन सुरू होणं याला वेळ जातो, आणि ते सगळ्यांना हवंच असतं असंही नाही. केसांना मात्र कुणाचा शिक्का लागत नाही. विमानातून उतरल्याच्या आठवड्यातच तुम्ही त्यांचं काय करायचं ते ठरवू शकता. फक्त कात्री दुसऱ्याच्या हातात असते, म्हणून तो दुसरा माणूस नीट पारखून घ्यायचा.

मी कोल्हापूरची, ट्रान्स स्त्री. घरचे मला मुलगा समजायचे. आमच्याकडे मुलीही 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. लहानपणी त्या बोलीने मला फार सांभाळलं. गल्लीतल्या मैत्रिणी 'आलो' म्हणायच्या, मीही 'आलो' म्हणायचे, आणि त्या एका शब्दापुरती मी त्यांच्यातली असायचे. केसांच्या बाबतीत असा आडोसा नव्हता. महिन्यातल्या एका रविवारी वडील न्हाव्याकडे घेऊन जायचे. खुर्चीच्या दोन हातांवर लाकडी फळी आडवी टाकून तिच्यावर मला बसवायचे, आणि मागच्या बाकावरून वडील पेपर खाली न घेता सांगायचे, "सोल्जर कट मारा." मानेला मशीनचं गार लोखंड टेकलं की मी डोळे मिटून घ्यायचे. त्या न्हाव्याचा दोष नव्हता. डोकं माझं होतं, पण त्याला सांगायचा हक्क माझा नव्हता.

इथे २०१३ साली शिकायला आले तेव्हा तो हक्क मिळाला होता, पण वापरायची सवय नव्हती. दीड वर्ष वाढवलेले केस घेऊन मी कॉलेजजवळच्या एका स्वस्त दुकानात शिरले. नाव पासपोर्टावरचं दिलं, तेच मोठ्याने पुकारलं गेलं. "थोडेसे खालून कापा" एवढंच मी म्हणाले. कापणारीने नाव ऐकलं होतं, जबडा पाहिला, आणि मानेवर मशीन चढवलं. वीस मिनिटांत कल्ले चौकोनी झाले, कान उघडे पडले. मी पैसे दिले, वर टिप ठेवली, थँक्यू म्हटलं आणि घरापर्यंत टोपी काढली नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे एक चुकीची कटिंग भरून यायला वर्षाच्या वर जातं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिणं.

सुरुवात करायला वेलस्ली सबवे स्टेशनला उतरा आणि पूर्वेला पाच मिनिटं चाला, चर्च स्ट्रीट लागतो. इंद्रधनुषी (एलजीबीटीक्यू) समुदायाची ही जुनी वस्ती. तिथे ५१९ नंबरच्या इमारतीत 'द ५१९' हे समुदाय केंद्र १९७५ पासून आहे. नव्याने देशात आलेल्यांसाठी आणि ट्रान्स लोकांसाठी तिथे गट भरतात. अशा गटात बसून "तुझे केस कुणी कापले?" असं विचारलेलं कुणालाही आवडतं, आणि मिळालेलं नाव कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचं असतं. दुसरी वाट म्हणजे 'ड्रेसकोड प्रोजेक्ट'. क्रिस्टिन रँकिन या टोरोंटोच्याच हेअरस्टायलिस्टने तो २०१७ मध्ये सुरू केला. गिऱ्हाइकाचं लिंग गृहीत धरायचं नाही, दर बाई-पुरुष असे लावायचे नाहीत, असं मानणारी सलून आणि बार्बर शॉप त्यात आहेत, आणि त्यांची यादी इंटरनेटवर शोधता येते. गुलाबी, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांचा बार्बरचा खांब काचेवर चिकटवलेला दिसला तर ती न्यूयॉर्कहून निघालेल्या 'स्ट्रँड्स फॉर ट्रान्स' या मोहिमेची खूण. ते रंग ट्रान्स झेंड्याचे.

पण स्टिकरवर थांबू नका, दरपत्रक वाचा. 'मेन्स कट' आणि 'विमेन्स कट' असे दोन दर लिहिलेले असतील तर तुम्ही कुठल्या रकान्यातले हे काउंटरवरची व्यक्ती ठरवणार. 'आखूड, मध्यम, लांब' किंवा 'तीस मिनिटं, एक तास' असे दर असतील तर तिथे तुम्हाला मोजलं जात नाही, केसांना मोजलं जातं. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मग एक छोटा निरोप लिहा. फोन नको, कारण फोनवर आवाज ऐकून समोरचा माणूस सर किंवा मॅडम ठरवून मोकळा होतो. निरोपात चारच गोष्टी टाका. तुम्हाला हाक मारायचं नाव, तुमचं सर्वनाम, केस आत्ता कसे आहेत, कसे हवे आहेत. ट्रान्स आहात हे लिहायचं की नाही ते तुमच्या मनावर. मी लिहिते, म्हणजे उत्तराच्या सुरावरूनच माणूस कळतो. कायदेशीर नाव सांगायची गरज नाही. बंद खोली हवी असेल तर बेधडक मागा. हिजाब घालणाऱ्या बायकांसाठी इथल्या काही सलूनमध्ये अशी खोली असते, आणि तुम्हालाही ती मिळू शकते. शिवाय अनेक ठिकाणी आधी दहा-पंधरा मिनिटं फुकट बोलता येतं. त्या भेटीत तुमच्या केसांना हात लावण्याआधी विचारलं का, एवढं पाहा.

सर्वनाम विचारलं की आपली मुलं पहिल्यांदा गोंधळतात. 'शी' (she), 'ही' (he) की 'दे' (they), हे परक्या माणसाला कसं सांगायचं? पण विचार करा, मराठीत आपण हे दर वाक्याला सांगत असतो. गेलो की गेले, थकलो की थकले, तोंड उघडलं की क्रियापद साक्ष देतं. इंग्रजीत स्वतःबद्दल तासभर बोललात तरी कुणाला काही कळत नाही, म्हणून ते विचारतात. विचारणारा चौकशा करत नसतो, चूक टाळत असतो.

आता प्रत्यक्ष खुर्चीत. "बायकी करा", "पुरुषी करा" असं सांगू नका. प्रत्येकाच्या डोक्यातली बाई आणि पुरुष वेगळे असतात. केसांबद्दल बोला.

माझ्यासारख्या मुलींसाठी खरी गोष्ट लांबीत नसते, ती कपाळाच्या दोन कोपऱ्यांत असते. तिथले केस मागे सरकलेले असतील तर लांब सरळ केस मधोमध भांग पाडून सोडल्यावर नजर थेट तिथेच जाते. भांग थोडा बाजूला घ्या, पुढच्या बटा गालाच्या हाडापर्यंत कापून घ्या, कानापुढचे केस खरवडू देऊ नका, मानेवर मशीन नको हे आधीच सांगा. खांद्याला टेकणारे, थर दिलेले केस कमरेपर्यंतच्या विरळ केसांपेक्षा कितीतरी भरीव दिसतात. हार्मोनने केस गळणं कमी होऊ शकतं, पण मागे गेलेली रेघ पूर्ण पुढे येईल ही आशा धरू नका. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध इथे चिठ्ठीशिवाय मिळतं, तरी आधी डॉक्टरांशी बोला. घरात मांजर असेल तर ते औषध तिच्यासाठी विषारी आहे, उशीला, हाताला लागलेलंसुद्धा. विग घ्यायचा असेल तर जरूर घ्या, आणि तोही स्टायलिस्टकडून आपल्या चेहऱ्यावर कापून घ्या. आहे तसा घातलेला विग टोपीसारखा दिसतो. चेहऱ्यावरच्या केसांसाठी लेझर करणार असाल तर आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित असतं. ते आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

ट्रान्स मुलग्यांची तक्रार वेगळी. "आखूड करा" म्हटलं की आखूड होतात, पण पिक्सी कट होऊन येतो, कानापाशी टोकदार बट आणि मानेवर मऊ लव ठेवून. कापणाऱ्याचा हात सवयीने तिकडे वळतो. त्याला नेमकं सांगा. कल्ले टोकदार नकोत, आडवे सरळ. मानेची रेघ चौकोनी. बाजूला दोन नंबरचं मशीन, आणि डोक्याच्या वरच्या कडेला केस गोल न उतरवता कोपरा ठेवा. त्या कोपऱ्याने चेहरा चौकोनी दिसतो, जबड्याला आधार मिळतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेणार असाल आणि घराण्यात टक्कल असेल तर तेही येऊ शकतं, त्याची तयारी ठेवा.

ज्यांना दोन्हीकडचं थोडं हवंय त्यांनी एकाऐवजी तीन फोटो न्यावेत आणि प्रत्येकातलं नेमकं काय आवडलं ते बोटाने दाखवावं. फोटो शक्यतो आपल्यासारख्या दाट काळ्या केसांच्या माणसांचे निवडा. सोनेरी पातळ केसांवरची कटिंग आपल्या डोक्यावर तशी बसत नाही.

पैशांचा अंदाज द्यायचा तर शहराच्या मध्यभागी बार्बरकडे साधारण ३५ ते ५० डॉलर, सलूनमध्ये ७० ते १२०. त्यावर १३ टक्के कर, वर १५ ते २० टक्के टिप. विद्यार्थ्यांना हे जड जातं, मलाही जायचं. हेअरस्टायलिंग शिकवणाऱ्या शाळांमध्ये विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी पैशात कापतात. वेळ दुप्पट लागतो, पण ही मुलं ऐकून घेतात.

भुवयांसाठी मात्र आपल्याच लोकांकडे जा. दोऱ्याचं काम जेरार्ड स्ट्रीटवर किंवा ब्रॅम्प्टनमध्ये जसं होतं तसं दुसरीकडे होत नाही. भीती वाटते हे मला माहीत आहे. आपल्याकडे बातमी फिरते, मंडळाच्या गणपतीत कुणीतरी कुणाला सांगतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत ओळखीचा चेहरा तर नाही ना, हे बाहेरूनच तीनदा पाहिलं होतं. आतल्या पंजाबी मावशींनी दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं बोटांत गुंडाळलं, माझ्या हाताची दोन बोटं उचलून माझ्याच पापणीवर ठेवली आणि "घट्ट धर" म्हणाल्या. भुवई खालून तासली, वरून फक्त साफ केली. बाकी एक अक्षर विचारलं नाही. अजूनही मी त्यांच्याकडेच जाते. घरी सांगितलेलं नसेल तर तुम्ही राहता त्यापेक्षा दुसऱ्या भागातलं पार्लर निवडा. त्यात लाज कसली? कुणाला कधी सांगायचं ते तुम्हीच ठरवायचं.

थंडीतही केस तेच, पण निगा वेगळी. हीटरच्या कोरड्या हवेत ते टोपीखाली उभे राहतात, चटचट ठिणग्या उडतात. ओल्या केसांनी उणे पंधरात बाहेर पडलात तर बटा खरोखर गोठतात. पॅराशूटची बाटली दगड होते, गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवली की झालं. मात्र तेल लावून सलूनमध्ये जाऊ नका, आदल्या दिवशी धुऊन जा.

आणि कुणी नकार दिला तर? ऑन्टारियोच्या मानवाधिकार संहितेत २०१२ पासून लैंगिक ओळख आणि तिची अभिव्यक्ती दोन्ही स्पष्ट लिहिलेल्या आहेत. केशकर्तन ही सेवा आहे, तीही यात येते. त्याच वर्षी टोरोंटोत एका बाईला पुरुषी कट द्यायला एका दुकानाने धार्मिक कारणाने नकार दिला, ते प्रकरण मानवाधिकार लवादाकडे गेलं आणि शेवटी तडजोडीने मिटलं. तक्रार घटनेपासून एका वर्षात करावी लागते, आणि त्यासाठी प्रांताचं मानवाधिकार कायदेशीर मदत केंद्र फुकट सल्ला देतं. तारीख, वेळ, काय बोललं गेलं, हे त्याच रात्री लिहून ठेवा.

माझं एक म्हणणं ऐका. चांगला कारागीर आपल्या लोकांना नवीन नाही. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून संप केला होता, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. जिच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा तिचं मन त्यात नाही, हे त्या हातांनी ओळखलं. तुम्ही शोधताय तो माणूस त्याच जातकुळीचा.

गेल्या मार्चमध्ये जळगावहून आलेल्या एका मुलाला मी माझ्या स्टायलिस्टकडे घेऊन गेले. आई व्हिडिओ कॉलवर काय म्हणेल याच विचाराने तो ट्राममध्ये गप्प होता. वेणी कापण्याआधी स्टायलिस्टने तिला दोन्हीकडे रबर लावलं, कात्री त्याच्या हातात दिली आणि पहिला काप त्यालाच घ्यायला लावला. मग कल्ले, मग मान. शेवटी मागे छोटा आरसा धरला. त्याने मानेच्या चौकोनी रेघेवर तळवा उलटसुलट फिरवला आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "ताई, बरा दिसतोय ना मी?" आतापर्यंत माझ्याशी बोलताना तो क्रियापदं गिळायचा, नाहीतर इंग्रजीवर जायचा.

वेणी त्याने कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. काउंटरवर पाच आठवड्यांनंतरची तारीख घेतली आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं.