लोगोत हे कोंबू नका, ट्रेडमार्क अडकतो: या चुका टाळा

ठाण्यात वागळे इस्टेटला माझं लेबल छपाईचं छोटं युनिट आहे. मसाले, लोणची, घरगुती साबण, अगरबत्ती असली गिऱ्हाईकं, आणि हल्ली लोगोबरोबर ट्रेडमार्कचा विषय पण आमच्याच टेबलावर येऊन पडतो. मी वकील नाही. पण कुठलं आर्टवर्क सरळ जाईल आणि कुठलं 'ऑब्जेक्टेड' (म्हणजे कार्यालयाची हरकत लागून) परत येईल हे आता बघूनच कळायला लागलंय.

ऐरोलीच्या एक काकू आल्या होत्या, मसाल्यांचा धंदा, माल एकदम चोख. लोगो भाच्याने मोबाईलवर बनवून दिलेला. वर शिवाजी महाराजांचं चित्र, मधे 'शुद्ध मालवणी मसाला', बाजूला 'महाराष्ट्रात नं. १' आणि कोपऱ्यात गोलातला आर (®, म्हणजे मार्क नोंदलेला आहे ही खूण). "असाच छाप, आणि अर्ज पण ह्याचाच टाकायचाय." म्हटलं काकू, ह्यात फक्त तुमचं असं काय आहे ते आधी दाखवा. दोघांनी मिळून लेबल वरपासून खालपर्यंत चाळलं तेव्हा अगदी तळाला, बारीक अक्षरात, त्यांच्या आजेसासूबाईंचं घरातलं लाडाचं नाव सापडलं. ब्रँड तोच होता, बाकी सगळी गर्दी.

पहिली चूक महाराजांच्या चित्राची, आणि ती आपल्याकडे सर्रास होते, कारण कोणाच्या मनात वाईट नसतं, प्रेमच असतं. पण 1950 चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा एक केंद्रीय कायदा आहे, त्याच्या यादीत शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहे. गांधीजी, नेहरू, इंदिरा गांधी, राष्ट्रध्वज, अशोकचक्र, राष्ट्रपती-पंतप्रधान, संयुक्त राष्ट्रसंघ हेही त्याच यादीत. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 सांगतं की ह्या यादीतलं काही असेल तर नोंदणी नाही. वर बरेच जण म्हणतात रजिस्टर नको, नुसतं पाकिटावर वापरतो. तेही चालत नाही, तो कायदा धंद्यातला वापरच केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अडवतो.

देवाधर्माचं जरा वेगळं आहे. देवाचं नाव असलं की अर्ज गेलाच असं नाही, तशी हजार दुकानं आहेत. पण अगरबत्तीवाल्यांनी 2015 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लक्षात ठेवावा, 'रामायण' हे नाव अगरबत्ती-अत्तरासाठी हवं होतं आणि कोर्टाने नाही म्हटलं, धर्मग्रंथाच्या नावावर एकट्या कोणाचा मक्ता नाही. आणि भावना दुखावतील असं काही असेल तर सरळ नकारच.

आता सगळ्यात जास्त अर्ज ज्याच्यात अडकतात ते, म्हणजे मालाचं वर्णन. शुद्ध, ताजं, चवदार, घरगुती, स्पेशल, नं. १, हे शब्द सगळ्यांचे आहेत, उद्या दुसऱ्याने पण शुद्ध मसाला विकायचा तर त्याने काय लिहायचं? गावाचं नाव तसंच, ठाण्याचा माल म्हणून नुसतं 'ठाणे मसाला' टाकलंत तर कलम 9(1) चा शेरा आलाच समजा. काही जण म्हणतात इंग्रजीत 'टेस्टी' अडकतं म्हणून मराठीत 'चवदार' टाकू. अहो अर्थ तोच ना, भाषा बदलून सुटत नाही. अजून एक पळवाट म्हणजे तोच शब्द वळणदार अक्षरात, पानाफुलात गुंडाळून लोगो म्हणून टाकायचा. कधीकधी लोगो पास होतो पण, आणि मग लोक खूश. कलम 17 बघा, अख्ख्या लोगोवर हक्क मिळतो, आतल्या 'शुद्ध मसाला'वर नाही. शेजारचा तेच शब्द दुसऱ्या डिझाईनमध्ये लिहील आणि तुम्ही बघत बसाल.

आंबेवाल्यांनी इथे जरा थांबा. हापूसला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव) मिळालाय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि आपलं ठाणे असे पाच जिल्हे. बाहेरच्या आंब्यावर 'हापूस' घालून ट्रेडमार्क मागितला तर जमणार नाही, आणि इथलेच असलात तरी 'हापूस' हा शब्द एकट्याच्या नावावर होत नाही. जीआय सगळ्या बागायतदारांचा असतो.

क्लिनिक आणि मेडिकलवाल्यांनी पांढऱ्यावर लाल क्रॉस टाकू नये, तो रेड क्रॉसचा, 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने राखीव. महापे-रबाळ्याची औषधवाली मंडळी, औषधाचं जेनेरिक नाव (त्यातल्या मूळ द्रव्याचं नाव) किंवा त्याला फसवं जवळचं नाव कलम 13 मुळे मिळत नाही. एखाद्या हयात माणसाचा किंवा गेल्या 20 वर्षांत वारलेल्याचा फोटो-नाव असेल तर रजिस्ट्रार त्याची किंवा घरच्यांची संमती मागू शकतो. काकूंच्या आजेसासूबाई जाऊन चाळीस वर्षं झालेली, तो प्रश्नच आला नाही.

गोलातल्या आरमध्ये मी स्वतः तोंडघशी पडलोय. अर्ज टाकल्याचा नंबर आला म्हणजे झालं, असं एका गिऱ्हाईकाने सांगितलं आणि मी पाच हजार स्टिकर छापले. नोंदणीचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत फक्त 'टीएम' (™, ट्रेडमार्क म्हणून वापरतोय एवढंच सांगणारी खूण) लावता येतं, त्याआधी आर लावणं म्हणजे कलम 107 खाली खोटा दावा. सगळे स्टिकर रद्दीत, अर्धा खर्च माझ्या खिशातून. आता अर्जात जाणाऱ्या आर्टवर्कमध्ये मी टीएमही ठेवत नाही आणि आरही नाही.

बरं, अर्ज आधीच टाकलाय आणि स्टेटस 'ऑब्जेक्टेड' दिसतंय? घाबरू नका पण झोपूही नका. एक्झाम रिपोर्ट (अर्ज तपासून पाठवलेला हरकतींचा कागद) मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यायचं असतं, उत्तराला सरकारी फी नाही, नाही दिलं तर अर्ज 'अबँडन्ड', म्हणजे सोडून दिलेला, धरला जाऊ शकतो. रिपोर्टमध्ये कलम 9 आहे की 11 ते आधी बघा. 11 म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मार्कशी साम्य. 9(1) म्हणजे तुमचा शब्दच लेचापेचा, मग अर्जाच्या तारखेआधीच लोक तो शब्द तुमच्या मालासाठी ओळखायला लागले होते हे दाखवावं लागतं, जुनी बिलं, जाहिराती, जीएसटी इनव्हॉइस. आणि इथेच लोक फसतात, दहा वर्षं माल विकूनही अर्जात 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' (अजून वापर नाही, पुढे करणार) टिक करून बसलेले असतात. जुना वापर असेल तर तारीख टाका आणि अ‍ॅफिडेव्हिट पुराव्यासकट लावा.

लोगो दुरुस्त करून तोच अर्ज चालवू असं वाटत असेल तर, किरकोळ बदल होतो, मार्कचं रूपच बदलेल असा बदल मान्य होत नाही. नवा अर्ज, नवी फी. वैयक्तिक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाईन एका क्लासला (मालाच्या एका वर्गाला) 4,500 रुपये, नाहीतर 9,000, आणि मसाला क्लास 30 मध्ये तर लोणचं 29 मध्ये, म्हणजे दोन्ही असतील तर दुप्पट. म्हणून छापायच्या आधी सरकारी साईटवरचा फुकटचा सर्च करा, वर्डमार्क (नुसता शब्द) आणि फोनेटिक (उच्चाराने सारखे शब्द) दोन्ही.

काकूंचा अर्ज शेवटी नुसत्या आजेसासूबाईंच्या नावाचा गेला, वर्डमार्क, क्लास 30. महाराज काढायला त्या लगेच तयार झाल्या, आर पण. पाकिटावरचं 'महाराष्ट्रात नं. १' मात्र सोडायला तयार नाहीत, परवा पण त्यावरून फोनवर अर्धा तास झाला.