‘निवारण झाले’ म्हणून बंद होणारी खड्ड्याची तक्रार: माझा अनुभव

लक्षण असे: पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली की ‘निवारण झाले’ असा संदेश यायचा, खड्डा मात्र तसाच. पुन्हा तक्रार, नगरसेवकांच्या कार्यालयात अर्ज, समाजमाध्यमांवर फोटो, काहीच हलले नाही. शाळेची मुले त्याच रस्त्याने जातात, म्हणून फार संताप यायचा.

शेवटी उपयोगी पडले ते असे. आधी खड्ड्याचा फोटो जवळच्या विजेच्या खांबाच्या क्रमांकासह काढला. मग माहिती अधिकार कायदा, 2005 खाली नमुना ‘अ’मध्ये अर्ज, वर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांपर्यंत. ‘खड्डा का बुजवला नाही?’ असे विचारू नका, उत्तर टाळता येते. कागद मागा: त्या रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यादेश (कंत्राटदाराला काम दिल्याचा आदेश), मोजमाप पुस्तिकेतील नोंद (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मोजमापे), दोषदायित्व कालावधी (काम बिघडल्यास कंत्राटदार जबाबदार असतो ती मुदत) दाखवणारा कागद. सगळी किल्ली या शेवटच्या कागदात आहे. ही मुदत चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्याच खर्चाने होते.

30 दिवसांत उत्तर नाही आले, तर पुढच्या 30 दिवसांत कलम 19(1) खाली प्रथम अपील. माझे कागद अपिलानंतर मिळाले. मुदत चालू होती. प्रत जोडून कार्यकारी अभियंत्यांना पत्र दिले, पोच घेतली. त्यानंतर डांबर पडले.