नवी वस्तू बिघडलेली निघाली? बदलून मागताना या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटर सांभाळला. ते काम सोडून बरीच वर्षं झाली, पण ओळखीपाळखीची माणसं अजून बिल घेऊन घरी येतात. फ्रिज गार करत नाही, वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही, कूलरचा पंप पहिल्याच दिवशी बसला. मी सगळं ऐकून घेतो आणि एकच विचारतो, "जॉबशीट कुठंय?" बहुतेकांकडं नसतं. जॉबशीट म्हणजे काय, हेही अनेकांना माहीत नसतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बहुतेक कंपन्यांत दुकानदार मनात आणलं तरी स्वतःच्या अधिकारात वस्तू बदलून देऊ शकत नाही. तो कंपनीच्या शाखेला कळवतो, शाखा टेक्निशियनचा अहवाल बघते, मंजुरी आली की खराब मशीन परत जातं आणि दुकानदाराच्या खात्यात त्याची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम जमा, पडते. म्हणून काउंटरवर कितीही आवाज चढवला तरी निकाल लागतो तो टेक्निशियननं कागदावर काय लिहिलंय त्यावर. तो कागद म्हणजे जॉबशीट.

काम व्हायच्या आधी ओटीपी सांगणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. टेक्निशियन येतो, मागचा पत्रा काढतो, काहीतरी करतो आणि म्हणतो, "ताई, मोबाइलवर एक नंबर आलाय, तेवढा सांगा." ताई सांगतात. तो नंबर म्हणजे तुमची सही. तो दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार सुटली म्हणून बंद होते, मग फ्रिज गार होवो न होवो. त्या पोराला दिवसाला ठरलेल्या तक्रारी बंद करायच्या असतात, भर उन्हात भवानी पेठेतून होटगी रोडला गाडी मारायची असते, हे मला कळतं. पण त्याच्या घाईपायी आपला हक्क का सोडायचा?

माझी अक्का अशोक चौकाच्या मागं राहते. तिनं अक्षय तृतीयेला एका दुकानातून १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज घेतला. घरात सासूबाईंचं इन्सुलिन असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे तिला फ्रिज चैनीसाठी नव्हे, औषधासाठी हवा होता. चौथ्या दिवशी दूध नासलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "उन्हाळा हाय की अक्का, सारखं दार उघडू नका, नंबर वाढवा." दोन दिवसांनी टेक्निशियन आला, थर्मोस्टॅटचा नॉब फिरवला, ओटीपी घेतला आणि गेला. आठवड्यानं दुसरा आला, गॅस कमी झालाय म्हणाला, गॅस भरला, ओटीपी घेतला. दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. तिसऱ्यानंही गॅसच भरला आणि ओटीपी घेतला. माझ्या कानावर हे आलं तेव्हा मृगाचा पाऊस तोंडावर आला होता आणि इन्सुलिन शेजारणीच्या फ्रिजमध्ये होतं.

मी जाऊन फ्रीझरचं झाकण उघडलं. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा बर्फ, बाकीचा पत्रा कोरडा ठणठणीत. फ्रीझर असा एकाच कोपऱ्यात गोठत असेल तर नळीत गॅस कमी पडतोय, असा पहिला संशय घ्यायचा. आता हे नीट लक्षात ठेवा: फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. दीड महिन्याच्या फ्रिजमध्ये गॅस कमी झाला, तर एक तर तो कारखान्यातून कमी भरून आला किंवा कुठंतरी गळती आहे. भरल्यावर दहा दिवसांत परत गेला म्हणजे गळतीच. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए गॅस असतो, तोही मोजक्या ग्रॅममध्ये, आणि तो पेट घेणारा असतो. म्हणून गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावून भरून घ्यायचा विचारही करू नका. वॉरंटी जाईल ते वेगळंच, पण धोका घरातल्या माणसांना आहे.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला, स्पीकर चालू ठेवला. पलीकडची मुलगी म्हणाली, "तीन तक्रारी दिसतायत सर, तिन्ही पूर्ण झाल्यात, ग्राहक समाधानी." अक्का शेजारीच उभी होती. "मी कधी म्हणाले रे समाधानी?" तिनं मला विचारलं. तिनं तोंडानं काही म्हटलंच नव्हतं. तीन वेळा नंबर सांगितला होता, एवढंच.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. प्रयोगशाळेत वापरतात तसला साधा थर्मामीटर आणला आणि मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात रात्रभर उभा ठेवला. दार उघडलं की आतली हवा लगेच तापते, पाणी तितक्या लवकर तापत नाही, म्हणून ग्लास. रोज सकाळी सात वाजता फोटो, बाजूला त्या दिवसाचा पेपर. चांगल्या फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास दिसायला हवं होतं. पाच दिवस १५ आणि १६ दिसत राहिलं. नवी तक्रार नोंदवली आणि चौथा टेक्निशियन आला. मी म्हणालो, "गळती आहे, तसं जॉबशीटवर लिहा." तो म्हणाला, "असं लिहायला आम्हाला परवानगी नाही ओ." मी म्हणालो, "मग काम झालं नाही, एवढं तरी लिहा. नंबर मिळणार नाही." त्यानं सुपरवायझरला फोन लावला, दहा मिनिटं जिन्यात उभा राहून बोलला आणि आत येऊन लिहिलं: कूलिंग बरोबर नाही, गळतीची शक्यता, पूर्वी दोनदा गॅस भरला. ती एक ओळ मिळायला दीड महिना गेला. ती मिळाल्यावर बाराव्या दिवशी बदली फ्रिज दारात आला.

माझी सवय सांगतो. फ्रिज असेल तर पूर्ण एक दिवस चालवून बघितल्याशिवाय मी ओटीपी देत नाही. वॉशिंग मशीन असेल तर कपडे घालून एक अख्खी फेरी. "उद्या फोनवर सांगतो" म्हणायचं आणि शांत राहायचं. जॉबशीटचा फोटो टेक्निशियन दारात असतानाच काढायचा. आणि कुठलाही ओटीपी सांगण्याआधी तो मेसेज कुणाकडून आलाय आणि कशासाठी आलाय, हे पूर्ण वाचायचं.

गुगलवर कस्टमर केअर शोधणं

करू नका. खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. "हे ॲप टाका, दहा रुपये भरा" म्हणाले की खातं रिकामं. नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरून किंवा मशीनच्या स्टिकरवरून.

खोका आणि थर्माकोल रद्दीवाल्याला देणं

महिनाभर ठेवा. घर लहान असेल तर माळ्यावर ठेवा, पण ठेवा.

"ओळखीचा आहे, कच्चं बिल चालेल"

चालत नाही. हजार-दोन हजार वाचवायला लोक एस्टिमेटच्या चिठ्ठीवर मशीन उचलतात. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि तारखेचा पुरावा म्हणजे पक्कं बिल. बिलावर सिरियल नंबर हवा आणि तो मशीनच्या स्टिकरशी जुळायला हवा; हे टेम्पो दारात उभा असतानाच तपासा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं, त्याच दिवशी फोटो काढा. या शॉर्टकटाबद्दल मी अजिबात नरम बोलणार नाही, कारण यात अडकलेल्या माणसाला मदत करायला माझ्याकडं काही उरत नाही.

टेक्निशियनला घरात घ्यायलाच नकार देणं

नव्या पोरांची ही खास चूक. "मला दुरुस्ती नको, आजच्या आज नवीनच पाहिजे" म्हणत टेक्निशियनला दारातून परत पाठवतात आणि संध्याकाळी फेसबुकवर फोटो टाकतात. वॉरंटी कार्ड नीट वाचा, त्यात बहुधा दुरुस्तीचंच आश्वासन असतं. बदली हवी असेल तर दोष मुळातलाच आहे किंवा दुरुस्तीनं जात नाही, हे दिसायला लागतं. त्यासाठी त्याच दोषाच्या दोन-तीन जॉबशीट लागतात. तपासणीच करू दिली नाही तर पुढं ग्राहक आयोगासमोर तेच तुमच्यावर उलटतं. हां, मशीन खोक्यातून काढल्यापासूनच बंद असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच दिवशी तक्रार नोंदवा आणि टेक्निशियनकडून पहिल्या दिवसापासून बंद असल्याचं लिहून घ्या. अशा बदलीसाठी कंपन्यांनी थोडेच दिवस ठेवलेले असतात.

पाणी आणि व्होल्टेजचं खापर मुकाट्यानं डोक्यावर घेणं

आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, सगळा कारभार टाकीवर. टाकी आणि मशीन यांच्यात उंचीचा फरक कमी असेल तर मशीनला दाब मिळत नाही आणि पाणी येत नसल्याचा कोड दिसतो. तो मशीनचा दोष नाही. तक्रार करण्याआधी नळ पूर्ण उघडा, पाइप जिथं मशीनला लागतो तिथली जाळी काढून गाळ धुवा. पण टेक्निशियन मोघम "व्होल्टेजचा प्रॉब्लेम" लिहायला लागला तर त्याला थांबवा. तुमच्यासमोर मीटर लावू द्या, जो आकडा येईल तो जॉबशीटवर येऊ द्या. नुसत्या 'व्होल्टेज' या शब्दावर वॉरंटी नाकारलेली मी डोळ्यानं पाहिली आहे.

हप्ता थांबवणं

रागानं ईएमआय बंद करू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं, मशीन दुकानाचं. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल बिघडतं आणि मशीन तसंच राहतं.

सगळं तोंडी करणं

आपल्याकडं व्यवहार गोडीनं चालतो. दुकानात गेलात की खुर्ची मिळते, चहा येतो. "काका, टेन्शन घेऊ नका, सोमवारी करून टाकू की." सोमवारी माणूस मुंबईला गेलेला असतो, गुरुवारी कंपनीचा साहेब रजेवर. असं करत महिना जातो. हे वाक्य मी स्वतः काउंटरवरून कितीतरी लोकांना सांगितलंय, कारण मालकाची तशी सूचना असायची: लेखी आलेलं आधी बघा, तोंडी आलेलं थांबू शकतं. त्या लोकांचं वाईट वाटतं, म्हणूनच आता सांगतोय.

एक पान लिहा. मराठीत लिहा, चालतं. बिल नंबर, तारीख, मॉडेल, सिरियल नंबर. मग प्रत्येक तक्रारीचा क्रमांक आणि टेक्निशियन आल्याची तारीख. दोष दोन ओळींत. शेवटी काय हवंय ते स्पष्ट: वस्तू बदलून द्या नाहीतर पैसे परत द्या, १५ दिवसांत. शिव्या नकोत, धमकी नको. दोन प्रती न्या, एकीवर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोहोच द्यायला नाही म्हणाले तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती बिलाला टाचा. त्याच मजकुराची ईमेल कंपनीला.

दुकानदार म्हणेल कंपनीशी बोला, कंपनी म्हणेल दुकानात जा. या फेऱ्यात फिरू नका. पैसे दुकानदारानं घेतलेत, वस्तू कंपनीनं बनवलीय, पत्र दोघांना. आणि "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीला घाबरू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणंसुद्धा त्याच यादीत आहे.

१५ दिवसांत हालचाल नाही झाली तर १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन मोफत. ती आदेश काढत नाही, पण तक्रार कंपनीकडं पाठवते, आणि नोंद झाली की बऱ्याचदा कंपनीचा फोन आपणहून येतो. तिथंही नाहीच सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. मशीन पुण्यात घेतलं असलं तरी तुम्ही सोलापुरात राहता म्हणून सोलापूरच्या आयोगात दाद मागता येते. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. मुदत दोन वर्षांची असते, पण इतकं थांबू नका. कागद हरवतात, टेक्निशियन नोकरी सोडून जातात.

बदली वस्तू आली की तपासणी न करणं

दीड-दोन महिने झगडून माणूस थकलेला असतो, नवीन खोका दिसला की लगेच सही करतो. थांबा. खोक्याचं सील बघा, सिरियल नंबर नवीन आहे का बघा, त्या नंबरचं नवं बिल किंवा बदलीचं पत्र घ्या. वॉरंटी नव्यानं सुरू होते की जुनी उरलेलीच चालते, हे कंपनीगणिक वेगळं असतं, ते त्या पत्रात लिहून घ्या.

अक्काकडं फ्रिज संध्याकाळी आला. सील मी तपासलं, पत्र घेतलं, फ्रिज काही तास तसाच उभा ठेवून रात्री चालू केला आणि ग्लासात थर्मामीटर ठेवला. कंपनीतून दोनदा फोन आला, "सर, तक्रार बंद करायचीय, ओटीपी सांगा." उद्या सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी रात्री पारा ४ वर होता. अक्का शेजारणीकडून इन्सुलिन घेऊन आली, दाराच्या कप्प्यात न ठेवता आत मधल्या कप्प्यात ठेवलं, आणि मग नंबर सांगितला.