फ्लॅपच्या ऑपरेशनआधी मशेरीची डबी शोधा

आधार कार्ड, गोव्याच्या दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड, जुने एक्स-रे, डॉप्लरचा (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट एका पिशवीत. झालं. हे कोणी विसरत नाही. मी विसरलो ती मशेरी.

आईच्या नडगीवर स्कूटर पडली, जखम हाडापर्यंत गेली. उघड्या हाडावर नुसती कातडी धरत नाही, म्हणून शेजारचीच कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून जखमेवर बसवतात. तोच फ्लॅप. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट, तंबाखू?" मी लगेच नाही म्हटलं. आई दोन वेळा मशेरी लावते हे ठाऊक असून ती तंबाखूच आहे हे डोक्यात आलंच नाही. चौथ्या दिवशी फ्लॅपची कड काळी पडली. ती काढून मांडीची कातडी लावावी लागली. आता डिचोलीच्या मावशीचं ऑपरेशन आहे, म्हणून हे लिहितोय.

मशेरी, गुटखा, विडी, तपकीर, काहीही असो. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि फ्लॅपचा जीव त्यांच्यावरच असतो. निदान चार आठवडे आधी बंद, जखम भरेपर्यंत बंद. "दातांना बरी असते" हे ऐकून घेऊ नका. डबी उशाखाली बघा, न्हाणीच्या फळीवर बघा. शेजारणीलाही सांगून ठेवा, नाहीतर भेटायला येताना तीच घेऊन येईल. आणि डॉक्टरांना "मशेरी" हा शब्द उच्चारून सांगा.

साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, मनानं बंद करू नका.

उशा दोन-तीन घ्या. पाय उंच हवा, पण रक्तवाहिनी वळवली आहे तिथे दाब नको. ती जागा डॉक्टरांकडून बोटानं दाखवून घ्या. पाय लोंबकळत सोडून बसायचं नाही, कोणीही भेटायला येवो. रात्री टॉर्च लावून रंग बघा. फ्लॅप पांढराफटक, जांभळा किंवा गार वाटला तर नर्सला तेव्हाच बोलवा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबलात तर उशीर होईल.

घरी कमोडची खुर्ची, वॉकर. पाय खाली सोडायचा तो डॉक्टर सांगतील तेव्हा, थोडा थोडा वेळ. ड्रेसिंगच्या तारखा लिहून ठेवा. पट्टी भिजू देऊ नका. चवथीला घर माणसांनी भरेल, कोणाच्या तरी पिशवीत मशेरी असेलच. तीही काढून घ्या.