कंत्राटाचा वाद हायकोर्टात नेताय? या चुका टाळा

बिल अडकलं की अनेकांना पहिलं सुचतं ते ‘थेट हायकोर्टात रिट (हक्कभंगाविरुद्धची याचिका) टाकू, राज्यघटनेचं समानतेचं कलम १४ आहेच’. समोर खासगी बिल्डर असेल तर हा विचार तिथेच सोडा; कलम १४ बांधतं ते शासनाला आणि त्याच्या यंत्रणांना. समोर महापालिका असली तरी प्रत्येक थकीत बिल म्हणजे मूलभूत हक्काचा भंग नव्हे. काम किती झालं, उशीर कुणामुळे, असे साक्षीपुराव्याचे मुद्दे निघाले की हायकोर्ट बहुधा दिवाणी दावा किंवा लवादाची (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाची) वाट दाखवतं. नोटीस न देता काळ्या यादीत टाकलं किंवा निविदेची अट एकासाठी वाकवली, तर मात्र रिटमध्ये दम असतो.

दम असला तरी उशीर नडतो. रमणा दयाराम शेट्टी खटला (१९७९) बघा. मुंबई विमानतळावरच्या रेस्टॉरंटची निविदा. अट अशी की हॉटेलचालक नोंदणीकृत हवा आणि त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. काम मिळालं ते ही अट न पाळणाऱ्याला. त्याविरुद्ध याचिका करणाऱ्याची हायकोर्टात डाळ शिजली नाही. सुप्रीम कोर्टाने तत्त्व मान्य केलं: स्वतः घातलेली अट विमानतळ प्राधिकरणासारख्या सरकारी यंत्रणेला मोडता येत नाही. तरीही कंत्राट रद्द केलं नाही! याचिका पाच महिन्यांहून उशिरा आली होती, दरम्यान समोरच्याने पैसा ओतला होता, आणि अर्जदाराला स्वतःला निकालात खरा रस नाही असंही कोर्टाला दिसलं. आजही वकील हाच निकाल उत्साहाने दाखवतात; त्याचा शेवट मात्र सांगत नाहीत.

दिवाणी दावा हरल्यावरची नेहमीची चूक म्हणजे अपील दाखल झालं की हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा आदेश) थांबला, असं समजणं. थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि पैशांचा हुकूमनामा असेल तर रक्कम भरायची तयारी ठेवा; नाहीतर इकडे अपील, तिकडे दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) बँक खातं जप्त.

अपिलासाठी निकालाच्या नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, तुम्ही अर्जाला लावलेला उशीर नाही. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९०, व्यावसायिक वादात ६०. दुसऱ्या अपिलात (पहिल्या अपिलाच्या निकालावरच्या अपिलात) पुरावा पुन्हा तपासून मिळेल ही आशा नको; तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्नच लागतो.

लवादाच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायला तर ३ महिने आणि वर फार तर ३० दिवस. त्यापुढे कारण कितीही खरं असलं तरी कोर्टाला मुदत वाढवता येत नाही.