हातात थोडंच असताना द्यायचं कसं?

आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, अर्पण मोजायचं आणि मदतनिधीचा हिशेब ठेवायचा, हे काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. त्यामुळे एक प्रश्न मला सतत ऐकू येतो. "ताई, माझ्या एवढ्याशानं काय होणार?" विचारणारी माणसं मनापासून विचारतात. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. एवढ्याशानं पुष्कळ होतं, फक्त ते देण्याची रीत अंगी बाणवावी लागते.

प्रभू येशूनं शिष्यांना प्रतिफळाबद्दल सांगताना थंड पाण्याच्या प्याल्याचं उदाहरण घेतलं (मत्तय १०:४२). पाणी द्यायला श्रीमंती लागत नाही. समोरच्याला तहान लागली आहे हे दिसावं लागतं आणि जागेवरून उठावं लागतं. लहान दानाचं सगळं शिक्षण मला तरी याच दोन गोष्टींत दिसतं.

पहिलं काम घरी करायचं. महिनाअखेर उरेल ते देऊ, असं ठरवलं की काही उरत नाही. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला यरुशलेममधल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी जमवायला सांगितली, तेव्हा त्याची पद्धत सरळ होती: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीच्या मानानं काहीतरी बाजूला काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर धावपळ नको (१ करिंथ १६:२). तुम्हीही एक पाकीट किंवा डबी वेगळी ठेवा. पैसे हातात आले की खर्चाला लागण्याआधी त्यात टाका. रक्कम अशी धरा, की ओढाताणीच्या महिन्यातही ती सुटणार नाही. रोजंदारीवर असाल तर काम मिळेल त्या दिवशी टाका, नसेल त्या दिवशी नको. त्यात संकोच कसला? माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं दान मान्य होतं, जे नाही त्यावरून नव्हे, हे पौलानंच लिहून ठेवलं आहे (२ करिंथ ८:१२).

मात्र आईवडिलांचं औषध थांबवून अर्पण देऊ नका. "हे देवाला वाहिलं आहे" म्हणून आईबापांची मदत टाळणाऱ्यांना येशूनं फार कडक शब्दांत सुनावलं होतं (मार्क ७:९-१३). घरातली जबाबदारी हीदेखील सेवाच आहे.

आता देणं कुणाला? इथे मी आग्रहानं सांगेन: आधी माणूस बघा, मग वस्तू ठरवा. आपण बहुतेकदा उलटं करतो. घरात नको झालेलं काहीतरी असतं आणि ते कुणाला खपेल हे शोधत बसतो. यापो गावातली तबीथा, म्हणजे दुर्कस, वारली तेव्हा विधवा रडत रडत प्रेषित पेत्राला तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या (प्रेषितांची कृत्ये ९:३९). तिनं काय शिकवलं, काय भाषणं केली, याचा तिथे उल्लेखही नाही. कपडे शिवणाऱ्या बाईला अंगाची मापं माहीत असावी लागतात, आणि मापं माहीत होण्यासाठी माणसं माहीत असावी लागतात.

म्हणून "काही लागलं तर सांगा" हे वाक्य शक्य तितकं टाळा. मनात चांगलंच असतं, पण मागण्याचं ओझं आपण अडचणीतल्या माणसावरच टाकतो. त्याऐवजी नेमकं विचारा. "उद्या दवाखान्यात मी बरोबर येऊ, की घरी मुलांजवळ थांबू?" असं विचारलं की उत्तर देणं सोपं जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या बाईला पुष्कळदा पैशापेक्षा दोन तासांची झोप हवी असते. नुकतंच ज्यांच्या घरी कुणी गेलं आहे, त्यांना कागदपत्रं भरून देणारं माणूस लागतं, तेही पहिल्या आठवड्यात नव्हे, तर सगळे नातेवाईक परतल्यावर. दृष्टी अधू झालेल्या आजोबांना रोज एक अध्याय वाचून दाखवणारं कुणी मिळालं, तर त्यांचा दिवस बदलतो. याकोबानं हे रोखठोक लिहिलं आहे: उघड्या, उपाशी माणसाला "जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" एवढंच म्हटलं तर काय उपयोग (याकोब २:१५-१६)?

देताना समोरच्याची मान खाली जाऊ देऊ नका. यासाठी बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा. रूथ ही परक्या देशातून आलेली गरीब विधवा, कापणीत मागे पडलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचायला शेतात गेली होती. शेताच्या कडा पुऱ्या कापू नयेत आणि पडलेला सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा, हा नियम लेवीय या नियमशास्त्राच्या पुस्तकात होताच. शेताचा मालक बवाज यानं नियमाच्या पुढे जाऊन कापणाऱ्यांना सांगितलं, की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम काढून टाका, तिला वेचू द्या आणि तिला बोलू नका. रूथनं ती स्वतःच्या कष्टानं वेचली आणि संध्याकाळी झोडून एफाभर (एफा हे तेव्हाचं धान्याचं मोठं माप) सातू घरी नेला. दान मिळालं आणि ते तिच्या घामाचंही राहिलं. मला सगळ्या शास्त्रात देण्याचा यापेक्षा सुंदर नमुना सापडलेला नाही. मदत देताना फोटो काढायचा, चारचौघांत नाव घ्यायचं, पिशवी हातात ठेवताना चार उपदेशाच्या गोष्टी ऐकवायच्या, हे सगळं "तिला बोलू नका" या आज्ञेत मोडतं असं मी धरते.

आता त्या विधवेबद्दल, कारण लहान दान म्हटलं की तिचीच गोष्ट सांगतात. मंदिराच्या दानपेटीत तिनं दोन टोल्या टाकल्या. टोली हे तेव्हाचं सर्वांत लहान नाणं. दोन मिळून मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सुमारे ६४वा भाग. येशूनं शिष्यांना बोलावून सांगितलं, की हिनं सर्वांहून अधिक टाकलं, कारण बाकीच्यांनी आपल्या भरपुरीतून टाकलं आणि हिनं आपली सगळी उपजीविका (मार्क १२:४१-४४). पण याच्या अगदी आधीचं वचनही वाचा. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांपासून, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडितांपासून, सावध राहा, असं तो नुकताच बोलला होता. म्हणून ही गोष्ट सांगून गरिबाकडून शेवटचा पैसा काढून घेऊ नये. ती सांगावी मोजणाऱ्यांना, आमच्यासारख्यांना, म्हणजे लहान नाणं हाती आल्यावर आम्ही ते आदरानं धरू.

मंडळीचा कारभार बघणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. अर्पण कधीही एकट्यानं मोजू नका. दोघांनी मोजा, दोघांनी सही करा. वर्गणी नेताना कुणी बोट ठेवू नये, म्हणून पौलानंही बरोबर माणसं घेतली होती (२ करिंथ ८:१९-२१). कुणी किती दिलं हे जाहीर करू नका, निधी कशावर खर्च झाला हे मात्र जरूर सांगा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो, की रविवारच्या उपासनेनंतर जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेल्यांसाठी वापरलं जाई. इ.स. १९७च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सांगतो, की महिन्यातून एकदा ज्याला वाटेल आणि जमेल त्यानं छोटीशी रक्कम द्यायची, सक्ती कुणावरच नाही. त्यातून गरिबांचे अंत्यविधी होत, घरात अडकलेल्या वृद्धांना आणि जहाज फुटून सर्वस्व गेलेल्यांना मदत होई. एवढं सगळं छोट्या रकमांतून चालत होतं.

शेवटची गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. ज्यांना मदत पोहोचते त्यांच्याकडूनही काही मागा. येशूनं शोमरोनी बाईशी बोलणं सुरू केलं ते तिच्याकडे पाणी मागून. योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशांतून त्याची आणि बारा शिष्यांची सेवा करत, ती त्यानं स्वीकारली (लूक ८:३). मदतनिधीतून औषध घेणाऱ्या आजींना प्रार्थनेसाठी नावांची यादी द्या, नोकरी गेलेल्या भावाला खुर्च्या लावायला बोलवा. आणि त्यांच्यापैकी कुणी स्वतःहून तुमच्या हातात काही ठेवलं, तर "कशाला उगाच" म्हणून परत करू नका. घ्या, आभार माना आणि वापरा.