वेबमेल अडतोय म्हणून पॉप-अप ब्लॉकरच बंद करताय? या चुका टाळा

‘मेल उघडत नाही’ असा फोन आला की मी आधी एकच विचारतो : लॉगिनचं पान तरी दिसतंय का? पान दिसतंय, पासवर्डही घेतोय, इनबॉक्सही येतोय आणि फक्त अटॅचमेंट, प्रिंट किंवा ‘नवीन मेल’ दाबल्यावर काही म्हणजे काही होत नाही, असं असेल तर पॉप-अप ब्लॉकरवर, म्हणजे पानाने परस्पर उघडलेल्या नव्या खिडक्या (पॉप-अप) अडवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीवर, संशय घ्यायला जागा आहे. काही जुन्या वेबमेलमध्ये (ॲपऐवजी ब्राउझरमध्ये उघडायचा मेल) लॉगिन दाबल्यावर अख्खा इनबॉक्सच नव्या खिडकीत उघडतो. तिथे लॉगिनपाशीच गाडी अडते. पण मुळात पानच येत नसेल तर ब्लॉकरचा त्यात काही हात नसतो.

तरीही सांगली, मिरज, कुपवाड, कुठेही जा, मी पोचायच्या आत कुणीतरी ब्लॉकर बंद करून ठेवलेला असतो. मालकांच्या भाच्याने, नाहीतर यूट्यूब बघून अकाउंटंटने. मेल चालू होईल की नाही हे नशिबावर, पण चार दिवसांनी स्क्रीनवर भलत्याच खिडक्या नाचायला लागतात हे ठरलेलं.

सकाळी उघडतो, दुपारी नाही

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरचा प्रकार सांगतो, कारण हा सगळ्यात फसवा आहे. तिथल्या दिवाणजींना परगावच्या खरेदीदाराकडून कुरकुमीनचा (हळदीतल्या पिवळ्या घटकाचा) लॅब रिपोर्ट मेलवर येतो. सकाळी पेढी उघडली की पीडीएफ झटक्यात उघडायची. दुपारी सौद्याच्या गर्दीत तशीच फाइल दाबली की चाक फिरायचं, थांबायचं आणि पुढे काहीच नाही. “दुपारी ह्याला पण झोप येती काय?” असं ते कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारत होते.

झोप नव्हती. ब्राउझरचा नियम असा आहे की नवी खिडकी माणसाच्या क्लिकमुळे उघडत असेल तर उघडू द्यायची, पानाने आपल्या मनाने उघडली तर अडवायची. पण त्या क्लिकला मुदत असते. क्रोममध्ये ती साधारण पाच सेकंदांची. दिवाणजींचा वेबमेल क्लिक झाल्यावर आधी सर्व्हरकडून फाइल मागवायचा आणि ती आली की मग खिडकी उघडायला जायचा. सकाळी नेट मोकळं, फाइल लगेच हजर. दुपारी एकाच वायफायवर हमालांपासून मालकांपर्यंत सगळ्यांचे मोबाईल. फाइल येईपर्यंत क्लिकची मुदत संपलेली. ब्राउझरच्या लेखी ती खिडकी आगंतुक, म्हणून त्याने ती गुपचूप अडवली.

त्यामुळे ‘कधी चालतं, कधी नाही’ म्हणजे व्हायरस किंवा विंडोज बिघडलं, असा अर्थ लगेच काढू नका. नेट मंद असताना अडतं आणि बरं असताना चालतं, एवढं जुळलं तर त्या एका पत्त्याला परवानगी दिली की विषय संपला. परवानगी असलेल्या पत्त्याला क्लिकची मुदत लागत नाही.

पत्त्याच्या पट्टीकडे न बघणं

ब्लॉकर अडवतो तेव्हा तो तसं सांगतो, फक्त फार हळू आवाजात. क्रोम आणि एजमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला छोट्या खिडकीचं चिन्ह येतं, त्यावर बारीक लाल फुली. दिवाणजी तीच पीडीएफ पुन्हा पुन्हा दाबत होते आणि चिन्ह वर शांतपणे उभं होतं. त्यावर क्लिक केलं की अडवलेल्या पत्त्यांची यादी दिसते आणि खाली ‘ऑल्वेज अलाउ’ असा पर्याय असतो. तो निवडायचा, ‘डन’ म्हणायचं, पान रीफ्रेश करायचं आणि मगच अटॅचमेंट पुन्हा दाबायची. रीफ्रेश न करता ‘अजून होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

फायरफॉक्स जरा मोठ्याने बोलतो. तिथे पानाच्या वरच्या बाजूला आडवी पट्टी येते आणि तिच्यातल्याच बटणातून त्या साइटला परवानगी देता येते. पट्टी दिसली की सवयीने फुली मारून घालवू नका.

सेटिंगमध्ये जाऊन करायचं असेल तर क्रोममध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘साइट सेटिंग्ज’, तिथून ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’. एजमध्ये नावं थोडी वेगळी आहेत आणि अपडेटबरोबर जागाही बदलतात. म्हणून पाठ करण्याच्या भानगडीत न पडता सेटिंगच्या शोधपट्टीत ‘पॉप’ हा इंग्रजी शब्द टाका.

परवानगी भलत्याच पत्त्याला देणं

ही चूक शिकलेली माणसंही करतात. विश्रामबागेतल्या एखाद्या सीए ऑफिसचा मेल आयडी स्वतःच्या डोमेनचा असतो, म्हणून ते परवानगीच्या यादीत स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता टाकतात. पण वेबमेल उघडतो तेव्हा पट्टीत असतो होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे वेबसाइट-मेलला जागा भाड्याने देणाऱ्याच्या, सर्व्हरचा पत्ता, आणि होस्टिंग सी-पॅनेल या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर शेवटी ‘:२०९६’ असा पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा, आकडा. परवानगी एकाला, दार ठोठावतोय दुसरा. लॉगिन गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून होत असेल तर मध्ये आणखी पत्ते येतात.

म्हणून हाताने टाइप करण्यापेक्षा वर सांगितलेलं चिन्हच वापरा. खिडकी ज्या पत्त्यावर अडली तोच पत्ता ब्राउझर स्वतः यादीत घालतो.

सरसकट सगळ्यांना मोकळीक देणं

मला सगळ्यात जास्त राग या चुकीचा येतो, कारण हिची सफाई नंतर मलाच करावी लागते. पॉप-अप जाहिरातींचा कोड १९९०च्या दशकात एथन झुकरमन यांनी ट्रायपॉड या साइटसाठी लिहिला; फेसबुकवाले ते हे नव्हेत. पुढे हा प्रकार इतका बोकाळला की २०१४ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटमधून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ब्लॉकर दिला तोवर लोक कंटाळून गेले होते. आता तो सगळीकडे मुळातच चालू असतो आणि चालूच राहिला पाहिजे.

बंद केलात तर काय होतं? कुठल्याशा साइटवर बाजारभाव बघताना पूर्ण स्क्रीनभर लाल खिडकी येते, भोंगा वाजतो, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असं लिहिलेलं असतं. तो नंबर ठगांचा असतो. फोन केला की ते रिमोटचं ॲप टाकायला लावतात आणि मग बँक खातं त्यांच्या हाती. अशी खिडकी आली तर एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ-४, तरीही जात नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ करू नका, नाहीतर ती पाहुणी परत हजर. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

इथेच एक गल्लत सांगून टाकतो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखे जाहिरातींचे चौकोन येत असतील तर ते पॉप-अप नव्हेत, नोटिफिकेशन आहेत. कधीतरी कुठल्यातरी साइटला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. त्यांची यादी साइट सेटिंग्जमध्येच पण ‘नोटिफिकेशन्स’ या नावाखाली असते. अनोळखी पत्ते तिथून काढून टाका. पॉप-अप ब्लॉकरला याचं काही देणंघेणं नसतं.

एकच ब्लॉकर आहे असं धरून चालणं

ब्राउझरचा स्वतःचा ब्लॉकर वेगळा, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली सोय) वेगळं, अँटीव्हायरसची वेब सुरक्षा आणखी वेगळी. ब्राउझरमध्ये परवानगी दिली तरी एक्स्टेन्शन आपलं काम करतच राहतं, आणि ते पत्त्याच्या पट्टीत लाल फुलीचं चिन्हही दाखवत नाही. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली तेव्हा अनेकांनी घाईत मिळेल ते दुसरं टाकलं. त्यामुळे एकाच क्रोममध्ये मुलाने टाकलेलं एक आणि अकाउंटंटने टाकलेलं एक, अशी दोन-दोन नांदताना दिसतात.

कोण अडवतंय हे शोधायला सोपी युक्ती आहे. तोच वेबमेल इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडा. मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे अटॅचमेंट उघडली तर दोष एक्स्टेन्शनचा. पट्टीशेजारच्या एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या चिन्हावर क्लिक करून फक्त वेबमेलच्या पत्त्यापुरतं ते थांबवा. तिथेही अडली आणि चिन्हही दिसत नाही, तर अँटीव्हायरसकडे वळा.

कारखान्यातला किंवा मोठ्या ऑफिसातला कॉम्प्युटर असेल आणि पॉप-अपचं सेटिंग राखाडी होऊन हलतच नसेल, तर ते वरून बांधलेलं आहे. ब्राउझरच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं दिसेल. तिथे डोकं लावत बसू नका, सरळ आयटीवाल्यांना सांगा.

‘कॅशे क्लिअर करा’

हा आपल्याकडचा सर्व रोगांवरचा काढा. कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती, पुसल्याने पॉप-अपचा नियम बदलत नाही. उलट कुकीही पुसल्या की सगळी लॉगिन उडतात, आणि ओटीपी जातो मालकांच्या मोबाईलवर. मालक गेलेले असतात कोल्हापूरला. त्यातही ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘साइट सेटिंग्ज’च्या चौकोनात टिक केली तर आधी दिलेली परवानगीही पुसली जाते. ‘मागच्या आठवड्यात तुम्ही करून दिलं होतं, परत तसंच झालं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच टिक असते.

पॉप-अपचा दोष नसताना त्यालाच धरणं

पानच उघडत नसेल तर आधी घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरची मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटला ‘असुरक्षित’ म्हणायला लागतो. बॅटरी बदला, तारीख नीट करा.

घरी उघडतं, ऑफिसात नाही, आणि पत्त्यात २०९६ आहे? मग ऑफिसच्या फायरवॉलने (नेटवरची ये-जा तपासणाऱ्या पहारेकऱ्याने) तो पोर्ट बंद केला असण्याची शक्यता जास्त. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून बघा, लगेच कळेल. विंडोज ७ अजून जिवंत असेल तर त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, आणि नव्या वेबमेलची काही बटणं तिथे मुकी राहतात. तिथे परवानगी देऊन काहीच साधणार नाही.

खिडकी उघडली म्हणून पासवर्ड टाकणं

परवानगी देऊन झाली, आता लॉगिनची छोटी खिडकी वर आली, की लोक डोळे मिटून पासवर्ड टाकतात. पण काही फसव्या साइट पानाच्या आतच खिडकीचं चित्र काढतात : वर पत्त्याची पट्टी, कुलूप, खाली गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, सगळं हुबेहूब. ओळखायचं कसं? माउसने ती खिडकी धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून बघा. खरी असेल तर डेस्कटॉपवर कुठेही जाते. खोटी असेल तर पानाच्या कडेशी येऊन अडकते किंवा तिथेच कापली जाते. अडकली की पान बंद करा.

मोबाईलवर

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये खिडकी अडली की ‘पॉप-अप ब्लॉक्ड’ अशी सूचना येते आणि तिच्यात ‘ऑल्वेज शो’ असतं. वेबमेलपुरतं ते दाबायला हरकत नाही. आयफोनच्या सफारीत मात्र ‘ब्लॉक पॉप-अप्स’ हे एकच बटण सगळ्या साइटना मिळून आहे. नव्या आवृत्तीत ते सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’ खाली ‘सफारी’मध्ये सापडतं. बंद करावंच लागलं तर रिपोर्ट डाउनलोड झाल्या झाल्या पुन्हा चालू करा. आणि रोजचं काम फोनवरच असेल तर वेबमेल सोडा, खातं फोनच्या मेल ॲपमध्ये जोडून घ्या; तिथे पॉप-अपची भानगडच नाही.

खिडकीची गरजच काढून टाका

हे फार कमी लोक करतात. वेबमेल राउंडक्यूब असेल (सी-पॅनेलवर बहुधा तोच असतो) तर त्याच्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जा. ‘डिस्प्लेइंग मेसेजेस’खाली मेल नव्या खिडकीत उघडण्याची टिक असते, ‘कंपोझिंग मेसेजेस’खाली नवा मेल नव्या खिडकीत लिहिण्याची. दोन्ही काढा, ‘सेव्ह’ दाबा. मेल त्याच पानात उघडतो, लिहिणंही तिथेच होतं आणि ब्लॉकरला अडवायला फारसं काही उरत नाही. दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर परवानगीबरोबर हेही करून ठेवलं. पीडीएफ उघडायला वेळ लागला तर आता ते खाली बाण असलेलं डाउनलोडचं चिन्ह दाबतात, फाइल थेट ‘डाउनलोड्स’मध्ये उतरते आणि रिपोर्टची प्रिंट हातात आल्यावरच सौद्यावर जातात.